एकही भिंत हलवलेली नाही

२ एप्रिल

जिंकले! एक्केचाळीसचे एकोणतीस!

बाबांच्या घराची किंमत पालिकेने एक्केचाळीस लाख धरली होती आणि त्यावर घरपट्टी. का? तर मी घर नीट केलं म्हणून. गळकं छत बदललं, गंजलेले पाइप काढले, वायरी नव्या घातल्या, भाडेकरूंना माणसासारखं राहता यावं म्हणून — त्याची ही शिक्षा! आज सुनावणी होती. अधिकारी सुरुवातीला सारखा घड्याळाकडे बघत होता. दहा मिनिटांनी विसरला.

"दुरुस्ती म्हणजे सुधारणा नव्हे," मी म्हटलं. "आजाऱ्याला औषध दिलं म्हणून त्याचा पगार वाढत नाही, साहेब. मी एकही खोली वाढवलेली नाही, एकही मजला चढवलेला नाही, एकही भिंत हलवलेली नाही!"

त्याने पेन उचललं. "जरा सावकाश सांगा, लिहून घेतो."

इतक्या सभा गाजवल्या, पण याहून मोठी दाद मिळालेली आठवत नाही.

शेवट बाबांवर केला, नेहमीसारखा. "हे घर अशा माणसाने बांधलं, ज्याने उभ्या आयुष्यात एक खोटी ओळ लिहिली नाही." मागे आमच्या करदाता मंचाचे लोक होते, त्यांनी टाळ्याच वाजवल्या. ताई पहिल्या रांगेत. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक भाषणाला ती पहिल्या रांगेत असते. टाळ्या पडल्या तेव्हा नेमकी पर्समध्ये मान घालून काहीतरी शोधत होती. चष्मा असेल.

आदेश हातात आला. माझं वाक्य जसंच्या तसं घातलंय त्याने. अवतरणचिन्हांत!

४ एप्रिल

मंचाच्या सचिवाने आदेशाच्या सत्तर प्रती काढल्या. वीस तारखेला आणखी सत्तर घरांची सुनावणी आहे, प्रत्येकाला एक प्रत. माझ्या वाक्याखाली लाल रेघ. नवरा म्हणाला, "आता तोफेचे गोळे छापून वाटायला लागले." घरात मला तोफ म्हणतात. वाटू देत!

६ एप्रिल

बँकेत गेले. आता खरी लढाई.

घर नीट करायला पतपेढीचं कर्ज काढलं होतं, चौदा टक्क्यांनी. तेव्हा दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं — गळक्या घरावर कोण पैसे देणार? पतपेढीनेही नुसत्या त्या घरावर दिले नाहीत. ताई जामीन राहिली. तिच्या स्वतःच्या घराचे कागद तिने पिशवीत घालून आणले आणि त्यांच्या टेबलावर ठेवले. "घे गं," म्हणाली. "सहा महिन्यांत सोडव."

त्याला अडीच वर्षं झाली.

आणि आता ताईचे गुडघे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिने तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवली आहे, स्वतःच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, त्याने तीस एप्रिलपर्यंतची मुदत दिली आहे. कागद नसतील तर तो दुसरीकडे जाईल. मग ताई त्याच अठ्ठावन्न पायऱ्या चढत राहणार. एक हात कठड्याला, एक हात भिंतीला. मी मोजल्यात त्या पायऱ्या. प्रत्येक वळणावर ती थांबते आणि थांबली नाहीच असं दाखवायला काहीतरी बोलत राहते.

उपाय एकच. बँकेने नऊ टक्क्यांनी नवं कर्ज द्यायचं, त्यातून पतपेढीचे एकतीस लाख फेडायचे, कागद ताईच्या हातात. बँकेचा माणूस गोड बोलतो. "भाड्याच्या घरावर आम्ही किमतीच्या पासष्ट टक्के देतो, मॅडम. म्हणजे किंमत निदान अठ्ठेचाळीस यायला हवी. आमची माणसं येऊन बघतील."

"येईलच," मी म्हटलं. "घर नव्यासारखं केलंय!"

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासतो, चूक दिसली की त्याचं बोट आपोआप तिथे जातं. म्हणाला, "परवा एकोणतीसचं होतं. आज अठ्ठेचाळीसचं. चार दिवसांत बरंच वधारलं की घर!"

त्याला पालिकेची किंमत आणि बाजाराची किंमत यातला फरक अर्धा तास समजावला. त्याने ऐकलं. बोट मात्र हललं नाही तिथून.

९ एप्रिल

मूल्यांकनवाली आली. तिशीतली, पाठीला पिशवी, हातात लेझरचं मोजयंत्र. मी दारातच सुरुवात केली — बाबांनी घर कसं बांधलं, मी ते कसं वाचवलं. ती म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला होता का? किरण अडतोय."

किरण अडतोय! माझ्या भाषणात असं कोणी कधी बोललं नव्हतं.

पण बाई कामाची पक्की. वरच्या मजल्यावर दोघी नर्स राहतात, त्यांचं न्हाणीघर बघितलं, नळ सोडून बघितले. खाली घड्याळवाले त्यांच्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांना भाडं विचारलं, पावत्या बघितल्या. मी न राहवून विचारलं, पालिकेने एकोणतीस धरलेत, त्याचा तुमच्या आकड्यावर काही—

"काही नाही," ती म्हणाली. "पालिका हजार घरं एका तक्त्यात बसवते. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, झालं. घर बघायला कोणी येत नाही. मी एकच घर बघते, आजच्या तारखेला. गल्लीत अलीकडे काय विकलं गेलं, भाडं किती येतं, घर कसं राखलंय. त्यांचा आकडा कराचा, माझा आकडा विक्रीचा. दोन वेगळ्या कामांचे दोन आकडे."

मला हायसं वाटलं. इतकं सोपं! नवऱ्याला हेच सांगायचं होतं मला.

"आणि तुमचे पाइप आणि वायरी," ती पुढे म्हणाली, "त्यावर खर्च केलात तेवढी किंमत वाढत नाही हं. भिंतीच्या आतलं गिऱ्हाइकाला दिसत नाही. उजेड दिसतो." मग पतपेढीचा जुना नकाशा उलगडला, तळमजल्याच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "इथे एक भिंत दाखवलीय. ती कुठे गेली?"

"ती काढली!" मी म्हटलं. "बघा की किती उजेड आलाय! घड्याळवाल्यांना आता दुपारी दिवा लावावा लागत नाही."

घड्याळवाल्यांनी भिंगासकट मान हलवली. तिने लिहून घेतलं.

फाटकापर्यंत पोचले आणि माझं मलाच ऐकू आलं.

१० एप्रिल

एकही भिंत हलवलेली नाही. — मीच म्हटलं. भर सुनावणीत. सावकाश, लिहून घेण्याजोगं.

११ एप्रिल

मी खोटं बोलले का? सकाळपासून फेऱ्या घालतेय. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. नवरा म्हणाला, "बस जरा, फरशी झिजेल आणि त्याचंही मूल्यांकन होईल." हसू आलं नाही.

लपवायचं म्हणून नाही बोलले. शपथेवर सांगते — पण कुणाला सांगतेय? भिंत डोक्यातच नव्हती. 'एकही खोली वाढवलेली नाही, एकही मजला चढवलेला नाही' — इथवर खरं होतं. पण दोनावर वाक्य थांबत नाही. तिसरा ठोका लागतो. जिभेने तो आणला कुठून तरी आणि तो इतका छान बसला की मी वळूनही बघितलं नाही. लोकांना शिकवत आले की शब्दाला जबाबदार राहा. आणि माझ्या तोंडून ताल खोटं बोलला!

भिंत पाडली तो दिवस आठवून बघते. गवंडी होता — त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण स्वतःही तसाच सरळ लोंबकळल्यासारखा उभा राहतो. हातोडा टेकवून मला काहीतरी सांगत होता, "बाई, ही बघा, हिच्या विटा बाजूच्या भिंतीत गुंतलेल्याच नाहीत, नुसती टेकून उभी आहे." मी मंचाच्या सभेसाठी टिपणं काढत होते. "पाड, पाड," म्हटलं. ताई आली होती बघायला. पडलेल्या विटांतली एक उचलून तिने पिशवीत घातली. मी विचारलं काय करणार, तर म्हणाली, "दाराला अडण म्हणून होईल."

एवढं सगळं आठवतंय. मग त्या दिवशी का नाही आठवलं?

१३ एप्रिल

आकडा आला. साडेएकोणपन्नास! पासष्ट टक्क्यांनी बत्तीसच्या वर जातं. एकतीस फिटतात, वर थोडे उरतात. पुरेसं आहे, पुरेसं आहे!

आणि खाली टीप. 'मालकाने सादर केलेल्या कर-आदेशात एकही भिंत हलवलेली नसल्याचे नमूद. प्रत्यक्ष पाहणीत तळमजल्याची भिंत काढलेली. खुलासा घ्यावा.'

आदेश मीच जोडला होता अर्जाला. कोणी मागितलाही नव्हता. नुसती घरपट्टीची पावती पुरली असती! पण अवतरणचिन्हांतलं माझं वाक्य बँकेनेही वाचावं असं वाटलं मला.

बँकेचा माणूस अजून गोडच बोलतो. "आकड्याबद्दल काही नाही, मॅडम. दोन आकडे असू शकतात. पण भिंत एकतर आहे नाहीतर नाही. आदेश खरा की आमची पाहणी खरी, तेवढं पालिकेकडून लेखी आणा. आणि भिंत भार घेणारी नव्हती असा अभियंत्याचा दाखला. तोवर फाइल थांबेल."

सतरा दिवस राहिले.

१५ एप्रिल

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

ओळंब्याकडे गेले. एका बांधकामावर होता, पाटावर बसून थापी धूत होता. म्हटलं, ती भिंत तशी भिंत नव्हतीच ना? पातळच होती. लाकडी आडोसाच म्हणता येईल. तू तसं लिहून देशील का?

त्याने थापी पुसली. "बाई, भार ती घेत नव्हती, हे मी कुठंही सांगेन. वर बीम आहे, अभियंत्याला दाखवतो. पण वीट होती. मी पाडली, माझ्या हाताला लागली. विटेला लाकूड कसं म्हणू?"

मी पदरावरची नसलेली धूळ झटकली.

"तुमचं भाषण ऐकलंय मी," तो म्हणाला. "त्या कामगारांच्या सभेत. लई भारी बोलला होता तुम्ही. खरं बोलायला छाती लागते म्हणून."

पायी घरी आले. रिक्षा समोरून गेल्या, हात करावासा वाटला नाही.

१६ एप्रिल

ताईला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. तिचं घर अडकलंय, तिचे गुडघे! ती कणकेत हात घालून बसली होती. हात तसेच ठेवून ऐकलं.

"मग सांगून टाक की पालिकेत. चुकलं म्हणून. काय म्हणतात त्याला?"

"दुरुस्तीचा अर्ज."

"बघ! दुरुस्तीच झाली परत." एकटीच हसली. मग हसू गेलं. "त्या अर्जात बाबांचं नाव घालू नकोस हं."

"बाबांचा काय संबंध?"

"नाही, तुझी सवय आहे म्हणून." पिठाचं बोट परातीच्या कडेला पुसत राहिली. "ते लोक जुनी फाइल वगैरे काढतील का गं?"

"काढू देत. वेळ लागला तरी मी रोज जाऊन उभी राहीन. तीसच्या आत करते. तू काळजी करू नकोस."

"मी कुठे काळजी करतेय?" म्हणाली. पण परतताना दारापर्यंत आली नाही. गुडघे असतील.

१७ एप्रिल

सचिव आला. मी सांगितल्यावर खुर्चीत बसलाच.

"तीन दिवस गप्प बसा, हात जोडतो. वीसला सत्तर घरांची सुनावणी आहे. सगळ्यांच्या हातात तुमचा आदेश! तुम्हीच तो मोडीत काढलात तर अधिकारी एकेकाच्या घरी फूटपट्टी घेऊन येईल."

"येऊ दे. खरं असेल ते टिकेल."

"तुमचं बरं आहे हो! तुम्ही बोलून मोकळ्या. भरायचं त्यांनी."

हे लागलं. कारण खरं आहे. त्या सत्तरांत लॉन्ड्रीवाली विधवा आहे, खाटेवर पडलेला ड्रायव्हर आहे. त्यांनी खरोखर फक्त गळती थांबवली आहे. माझ्या एका सुंदर वाक्यापायी त्यांचं खरंही संशयात जाणार.

पण वीसपर्यंत थांबले आणि त्यांनी माझं खोटं वाक्य हातात धरून निकाल मिळवला, तर तो निकाल कुठल्या तोंडाने टिकवू? आणि ताईचे दिवस चाललेत. गप्प बसायला मी शिकलेलेच नाही. आज पहिल्यांदा वाटलं, शिकायला हवं होतं. — सुनावणीच्या दिवशी. तिसऱ्या ठोक्याच्या आधी.

१८ एप्रिल

सभा झाली. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. टिपण नाही, बाबा नाहीत.

"मी सुनावणीत म्हटलं की एकही भिंत हलवलेली नाही. मी एक भिंत पाडली होती. सोमवारी पालिकेत जाऊन तसं लिहून देणार आहे. माझं वाक्य कोणी वापरू नका. आपापल्या घरात काय केलंत ते, आणि तेवढंच, बिलासकट सांगा."

मागून कोणीतरी, "तोफ आतच फुटली!" दुसरा, "मग आमचं काय?" सचिव पाणी पीत राहिला. इतक्यात लॉन्ड्रीवाली उठली. मला वाटलं आता ही धुणार मला.

"मीपण एक काढलीय," ती म्हणाली. "मोरीची. सांगू का नको, रात्रंदिवस तेच चाललं होतं डोक्यात. सांगून टाकते मग."

पहिले हसले ते ड्रायव्हरचे वडील. मग एकेक जण आपापल्या भिंती सांगायला लागला. कोणी खिडकी मोठी केलेली, कोणी गच्चीवर पत्रा टाकलेला. सचिवाने डोकं धरलं, आणि मग कागद घेऊन खरी यादी करायला बसला. सत्तरांत एकोणसाठ घरं निघाली निखळ दुरुस्तीची. ती आता ताठ मानेने उभी राहतील.

ताई पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवल्या नाहीत तिने. नुसती बघत होती माझ्याकडे. असं काही की मीच लहानपणी तिची बाहुली मोडली होती आणि आज कबूल केलं.

२० एप्रिल

आवक-जावकच्या खिडकीतला कारकून: "कसली दुरुस्ती? घराची?"

"नाही. बोलण्याची."

"तसा नमुना नाही आमच्याकडे."

साध्या कागदावर लिहिलं. शिक्का, पोच. वर म्हणाला, "कर वाढवून घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." निरीक्षक पाहणीला येईल. चव्वेचाळीस लावा नाहीतर चोपन्न लावा! वाढीव घरपट्टी मी भरीन, भाडेकरूंच्या माथी नाही मारणार. नर्सेसना सांगून आले. घड्याळवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "उजेडाचे पैसे थोडे मी देईन हो." नाही म्हटलं. बराच वेळ वाद झाला. हरले.

२४ एप्रिल

पोच चालली बँकेला! अभियंत्याचा दाखलाही. ओळंब्याने शिडीवर चढून त्याला बीम दाखवला. कर्ज मंजूर.

२७ एप्रिल

पतपेढीतून कागद घेतले ते थेट ताईकडे. अठ्ठावन्न पायऱ्या एका दमात चढले, वय विसरून. तीच पिशवी! ताईने कागद बाहेर काढले, उलटसुलट बघितले, परत आत घातले. "बस," म्हणाली, "धाप लागलीय तुला." दाराला खरंच ती वीट अडण म्हणून लावलेली. लाल, कोपरा तुटलेला. मी पायाने सरकवायला गेले तर म्हणाली, "राहू दे तिथे."

परवा निरीक्षक येतोय. येऊ दे. आता काहीच लपलेलं नाही त्या घरात.

२९ एप्रिल

निरीक्षक मूळ फाइल घेऊन आला. बांधकामाच्या नकाशात ती भिंत नाहीच. तळमजल्यावर एकच मोठी खोली, आज आहे तशी. "मग तुम्ही दुरुस्ती कशाची करून मागताय?" तो गोंधळला. पान उलटलं. एक पिवळा कागद. एक खोली भाड्याने द्यायला आत भिंत घातली अशी कोणीतरी तक्रार केलेली, तिच्यावर बाबांचा खुलासा. बाबांचंच अक्षर, ते लांब काने, खाली सही. 'माझ्या घरात एकही भिंत नव्याने बांधलेली नाही.'

ताईला फोन केला. वाचून दाखवलं.

"विटा मीच उचलून देत होते गं त्यांना," म्हणाली. "नऊ वर्षांची होते."